चांदीच्या पानांचं झाड: दोन गेली, एक उरलंय, पाऊस तोंडावर आलाय

गच्चीवरची
२१ मे, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

लेकाच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी केपटाऊनला जाणं झालं. टेबल माउंटनच्या उतारावर कर्स्टनबॉश नावाची बाग आहे. तिथे एका वळणावर वारा सुटला आणि समोरचं अख्खं झाड चमकलं. जवळ जाऊन पान हातात घेतलं तर मांजराच्या कानाला असते तशी लव, अगदी मऊ. पाटीवर नाव होतं ल्यूकाडेंड्रॉन अर्जेंटियम, तिकडचे लोक नुसतं सिल्व्हर ट्री म्हणतात. यजमान म्हणाले, झालं, आता ही घरी आल्यावर काय करणार ते मला दिसतंय.

केलंच. इथल्याच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १० बिया मागवल्या. काळ्या, टणक, मोठ्या वाटाण्याएवढ्या. डिसेंबरात ६ पेरल्या, ४ डब्यात ठेवल्या. सहातल्या तीन उगवल्या. त्या दिवशी मी सोसायटीत पेढे वाटायचीच बाकी होते.

पहिलं रोप मार्चमध्ये गेलं. पानांच्या कडा तपकिरी, मग काळ्या, मग सगळंच करपलं. दुसरं गेल्या आठवड्यात. वळवाची एक जोरदार सर आली, नंतर दोन दिवस कडक ऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी रोपाने मान टाकलेली. पानं अजून चंदेरी, हिरवी, पण लोळागोळा. माती ओली होती म्हणजे तहानेने गेलं नाही एवढं नक्की.

तिसरं वीतभर आहे. मुलुंडला वरच्या मजल्यावर राहतो, समोर गच्ची, दिवसभर ऊन. आठ इंची प्लास्टिकची कुंडी. माती म्हणजे लाल माती, शेणखत, कोकोपीट, माझं नेहमीचं मिश्रण, ज्यात जास्वंद आणि मोगरा नुसते माजलेत.

पाऊस तीन आठवड्यांवर. काय करू?


रुईफूल
२१ मे, रात्री ११:४२

ताई, चंदेरी पानंच हवीत ना? रुई लावा. खत नको, पाणी नको, शनिवारी मारुतीलाही होईल.

(हलके घ्या.)


माती_बिती
२२ मे, सकाळी ६:५५

रुईफूल, सकाळी सकाळी हसवलंत.

गच्चीवरची, एक विचारतो. पहिलं रोप जायच्या आधी पंधरा दिवस-महिन्यात त्याला काय घातलं होतंत? आठवून सांगा. बोनमील (हाडांची भुकटी), डीएपी किंवा १९:१९:१९ सारखं रासायनिक खत, कंपोस्ट, काहीही.


गच्चीवरची
२२ मे, सकाळी ९:२०

बोनमील. एक चमचा. मुळं धरावीत म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, महिन्यातून एकदा शेणखताची स्लरी तिघांनाही. वाईट काय केलं?


माती_बिती
२२ मे, दुपारी १:३०

वाईट काही नाही, चुकीच्या झाडाला केलंत.

हे झाड प्रोटिएसी कुळातलं. या कुळाचे पूर्वज अशा जमिनीत वाढले जिथे फॉस्फरस औषधालाही नाही. त्यामुळे त्यांनी मुळांचीच वेगळी रचना केली. बारीक मुळांचे दाट झुपके येतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे, आणि त्यातून आम्लं सोडून ती मातीच्या कणाला चिकटलेला फॉस्फरस सोडवून घेतात. तुमच्या जास्वंदीला आपण ताटात वाढतो. हे झाड खरवडून खाणारं आहे. त्याला ताट वाढलं की कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. घेत सुटतं, पानात साठत जातं आणि कडा जळायला लागतात. तुम्ही लिहिलेली लक्षणं तीच.

बोनमील म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. डीएपीमध्ये तर ४६ टक्के फॉस्फेट. या झाडाजवळून नेऊही नका.

म्हणून तिसऱ्याला आजपासून काहीही घालायचं नाही. शेणखत नाही, स्लरी नाही, तांदळाचं धुवण नाही, चहाचा चोथा नाही. मातीत जे आहे तेच त्याला जड जाणार आहे. लाल माती मात्र चांगली घेतलीत. आपली कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि तिच्यातलं लोह फॉस्फरस धरून ठेवतं, सहजी सोडत नाही. बहुधा त्यामुळेच बाकीची दोन मार्च पार करू शकली.


गच्चीवरची
२२ मे, दुपारी २:०५

तांदळाचं धुवण!! सासूबाई रोज तेच घालतात सगळ्या कुंड्यांना. आता या एका कुंडीला चिठ्ठी लावते.


दादरकर_परतलेला
२२ मे, रात्री १०:१५

मी सहा वर्षं केपटाऊनला होतो, म्हणून थोडं.

सगळे म्हणतील की तिकडे पाऊस कमी आणि मुंबईत जास्त, म्हणून झाड मरतं. अर्धवट खरं आहे. केपटाऊन शहरात पाऊस बेताचाच, पण तुम्ही ज्या उतारावर झाड पाहिलंत त्या कर्स्टनबॉशला वर्षाला १,३०० ते १,४०० मिमी पडतो. पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे पावसाला ते झाड घाबरत नाही.

फरक असा की तिकडे पाऊस थंडीत. मे ते ऑगस्ट, बोटं गारठतात तेव्हा. उन्हाळा कोरडा, वर समुद्रावरून सतत बोचरा वारा. आपल्याकडे उलटं. जून ते सप्टेंबर सांताक्रूझला सरासरी २,२०० मिमीच्या वर, आणि तोही कोमट. झाडाच्या मुळाशी ओल आणि ऊब एकाच वेळी. तुमचं दुसरं रोप त्यानेच गेलं असणार. एक सर, मागून कडक ऊन, प्लास्टिकची कुंडी तापलेली, आत ओली माती. भाताच्या कुकरमध्ये ठेवल्यासारखं.

या स्थितीत वाढणारा एक रोग आहे, फायटॉफ्थोरा सिनॅमोमी. पहिल्यांदा सुमात्रात दालचिनीच्या झाडावर सापडला, म्हणून तसं नाव. त्याला बुरशी म्हणतात, पण ती खरी बुरशी नव्हे. तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात आणि मुळापर्यंत जातात. मुळं कुजली की पानांना पाणी मिळत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो.

एक सांगतो, म्हणजे अपराधी वाटणार नाही. तिथल्या लोकांच्या अंगणातही ही झाडं अशीच जातात. शेजारच्या आजींचं माझ्याहून उंच झाड सोमवारी ठणठणीत होतं, पुढच्या सोमवारी पाचोळ्याच्या रंगाचं. त्या नुसत्या म्हणाल्या, सिल्व्हर ट्री असंच करतं.


आगरातला
२३ मे, सकाळी ७:४०

फायटॉफ्थोरा म्हटलात म्हणून लिहितो. आमच्याकडे गुहागरला पोफळीवर जो कोळेरोग येतो तो याच जातकुळीचा. सुपाऱ्या कुजून खाली पडतात. त्याला पाऊस लागायच्या आधी एक टक्का बोर्डो मारतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवायचं, मग एकत्र ओतायचं. लोखंडी बादली नको. आमचे गडी विळ्याचं पातं बुडवून बघतात, तांबूस झालं तर चुना कमी पडला.

ताईंनी लिटरभर करून मारावं.


माती_बिती
२३ मे, सकाळी ८:३०

आगरातला, पोफळीसाठी सोळा आणे बरोबर. इथे दोन अडचणी आहेत. पोफळीचा रोग वर घोसावर, हा खाली मुळात. दुसरं म्हणजे चुना. या झाडाला आम्लधर्मी माती लागते, कुंडीत चुना ओतला तर दुसरंच दुखणं. शिवाय त्या लवेवर निळा थर बसला तर चांदी कुठली दिसायची?

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीशी लढणारी उपयोगी बुरशी, मातीत मिसळायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. पाणी निथळणं हेच औषध.


आगरातला
२३ मे, सकाळी ८:५२

मान्य. निळं झाड मात्र बघायला आवडलं असतं.


नियमावली
२३ मे, दुपारी १२:१०

विरजण घालतो, क्षमस्व.

परदेशातून बी किंवा रोप आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे. पर्यटकाने पर्समधून चार बिया आणणंसुद्धा त्यात बसत नाही. धागाकर्तीने इथून विकत घेतल्या हे वाचलं, पण त्या विक्रेत्याने कशा आणल्या ते विचारलंत का? वर ज्या रोगाची चर्चा चाललीय तशीच दुखणी मातीच्या कणांतून एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलेली आहेत.


गच्चीवरची
२३ मे, दुपारी ३:००

खरं सांगते, डोक्यातच आलं नाही. विक्रेत्याला दोनदा विचारलं, उत्तर नाही. यापुढे विचारल्याशिवाय घेणार नाही.


विक्रोळी_लोकल
२४ मे, रात्री ९:३५

मला हे समजत नाही की ज्या झाडाला मुंबई मानवत नाही त्याच्यामागे का लागायचं? फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळी-घाटकोपरला गुलाबी टॅबेब्यूया फुलतो, त्याचाच भाऊ टॅबेब्यूया ऑरिया. दक्षिण अमेरिकेतला. पानं राखाडी-चंदेरी, बुचासारखी भेगाळलेली साल, पिवळीधमक फुलं. मुंबईत मजेत राहतो. फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात, तेवढं सोडलं तर त्रास नाही.

किंवा बिस्मार्किया. मादागास्करचा माड, निळसर चांदीचे पंखे. नवीन टॉवरच्या दारात दोन उभे असतातच. फक्त मोठा झाल्यावर उपटून हलवला की रुसतो.


गच्चीवरची
२४ मे, रात्री ९:५०

टॅबेब्यूया कुंडीत? बिस्मार्किया गच्चीवर? सेक्रेटरी माझंच झाड करून टाकतील.


पाणथळ
२५ मे, सकाळी १०:२०

कुंडीत सिल्व्हर बटनवूड होईल. नर्सरीवाले त्यालाही बिनधास्त ‘सिल्व्हर ट्री’ म्हणून विकतात, तेव्हा नाव विचारून घ्या. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचं, खारफुटीच्या शेजारपाजारचं झाड. खारा वारा, ऊन, ओल, सगळं सोसतं.


विक्रोळी_लोकल
२५ मे, सकाळी १०:४१

ते कोनोकार्पस ना? गुजरातने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. सुचवताय काय!


पाणथळ
२५ मे, सकाळी ११:३०

कोनोकार्पसच आहे, बरोबर. रस्त्याकडेने हजारोंनी लावलेल्या हिरव्या झाडांवरून ते प्रकरण झालं. परागकण, गटारात घुसणारी मुळं. कुंडीत छाटून ठेवलेलं एक चंदेरी झुडूप म्हणजे तेच संकट असं मी म्हणणार नाही, पण जमिनीत लावा असंही म्हणणार नाही.

जाता जाता, चांदीची पानं बघायला केपटाऊनला कशाला जायचं? मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर या. खाली खाडीत तिवर उभं आहे. वारा आला की पानांची खालची बाजू पालटते आणि सगळा पट्टा राखाडी-चंदेरी होतो. ओहोटीला जवळून पान बघा, वर मिठाचे कण असतात. खारं पाणी पिऊन मीठ पानातून बाहेर टाकतं ते. पुलावरून रोज लाखभर लोक जातात आणि फोनकडे बघतात.


गच्चीवरची
२५ मे, दुपारी ४:१५

पाणथळ, हे वाचून खरंच जाऊन बघेन. पण माझ्या वीतभर लेकराला आता टाकवत नाही हो. जगवायचंच. नेमकं काय करू ते सांगा, कुंडी बदलू का?


माती_बिती
२५ मे, रात्री ८:००

बदलू नका. माझाही हात शिवशिवतोय की ते कोकोपीट काढून टाकावं, पण या झाडाची मुळं वरवरची आणि नाजूक, हलवलेलं खपत नाही. खुरपीसुद्धा लावायची नाही. गवत उगवलं तर कात्रीने कापा.


दादरकर_परतलेला
२५ मे, रात्री ८:४०

इथे माझं मत वेगळं. आठ इंची कुंडीत कोकोपीट आणि शेणखत घेऊन चार महिने पावसाळा म्हणजे मरण निश्चित. आज, माती कोरडी असताना, गोळा न फोडता मोठ्या मातीच्या कुंडीत सरकवा. बाजूने लाल माती, जाड रेती आणि विटांचे तुकडे. रेती नदीची, समुद्राची नको, मीठ असतं. पाऊस लागल्यावर हात लावायचा नाही. काय करायचं ते आठ दिवसांत.


माती_बिती
२५ मे, रात्री ९:०५

गोळा फुटला तर?


दादरकर_परतलेला
२५ मे, रात्री ९:०७

तर जूनऐवजी मेमध्ये जाईल.


गच्चीवरची
२९ मे, सायंकाळी ६:३०

केलं. यजमानांनी प्लास्टिकची कुंडी कात्रीने उभी चिरली, मी खाली दोन्ही हात धरले. गोळा शाबूत. नवी कुंडी बारा इंची, मातीची, खाली तीन विटांवर, म्हणजे भोकाखाली हवा खेळेल. गच्चीच्या पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची पडवी आहे, तिथला एक पत्रा काढून पारदर्शक शीट बसवलं. ऊन येतं, पाऊस नाही, बाजू तिन्ही उघड्या. सेक्रेटरींना सांगितलं नाही. टाकीवाल्यालाच ५०० रुपये दिले.


रुईफूल
२९ मे, सायंकाळी ७:१२

सेक्रेटरी या संस्थळावर नाहीत ना?


गच्चीवरची
१९ जुलै, सकाळी ८:१०

जिवंत! नवी दोन पानं.

पण दोन गोष्टी. एक, परवा रात्री वाऱ्याने पाऊस आडवा आला आणि कुंडी भिजली. मी दीड वाजता छत्री घेऊन गच्चीवर, खालच्या काकू खिडकीतून विचारतायत काय झालं. दोन, पानं चंदेरी राहिली नाहीत, हिरवट दिसतायत. सुरू झालं का?


दादरकर_परतलेला
१९ जुलै, सकाळी ९:३०

मान ताठ आहे ना? मग घाबरू नका. ती लव हवेप्रमाणे हलते. कोरड्या उन्हात केस पानाला चिकटून आडवे झोपतात, पाणी उडू देत नाहीत आणि तेव्हाच खरी चांदी दिसते. हवा दमट झाली की केस उभे राहतात, खालचा हिरवा रंग दिसतो. मुंबईच्या जुलैत चांदी कुठून दिसणार? पाणी किती घालताय?


गच्चीवरची
१९ जुलै, सकाळी ९:४५

बोट दोन पेरं आत घालून बघते. जूनपासून पाच वेळा फक्त.


माती_बिती
१९ जुलै, सकाळी १०:००

+१. हवा साचली असेल त्या दिवशी टेबल फॅन लावा. लायटीचं कनेक्शन मात्र पावसापासून लांब.


गच्चीवरची
२६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

पावसाळा पार पडला. ऑक्टोबरच्या उन्हाने पानं पुन्हा चमकायला लागली, ३१ सेंटिमीटर झालं. दोन आठवड्यांपूर्वी शेंड्याचं एक पान काळं पडलं. चौकशी केली तर सासूबाईंनी चिठ्ठी वाचली होती, पण ‘एवढंसं धुवण काय करतंय’ म्हणून एकदा घातलंच. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, तुझ्या झाडाला भात पचत नाही का गं?

फुलं यायला कितवं वर्ष लागेल? आणि नर-मादी वेगळी असतात म्हणे?


दादरकर_परतलेला
२६ ऑक्टोबर, रात्री १०:५५

हो, एक झाड नर नाहीतर मादी. मादीला चंदेरी बोंडं येतात, बी त्यात. एकट्या झाडाला बी धरणार नाही. फुलांना अजून काही वर्षं आहेत, तोवर कोण आहे ते कळायचं नाही.

डब्यातल्या चार बियांचं काय केलंत?


गच्चीवरची
२६ ऑक्टोबर, रात्री ११:०३

तशाच आहेत. खराब झाल्या असतील ना आता?


माती_बिती
२७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

याच कुळातली एक गोष्ट सांगतो. १८०३ मध्ये यान टेरलिंक नावाच्या डच व्यापाऱ्याने केपहून बियांची पाकिटं नेली. इंग्रजांनी जहाज पकडलं, कागदपत्रं लंडनच्या सरकारी दप्तरात गेली, पाकिटं वहीत तशीच. दोनशे वर्षांनी कुणाच्या तरी हाताला लागली. इंग्लंडमधल्या क्यू बागेच्या बीजपेढीत पेरल्यावर त्यातल्या काही उगवल्या, एक ल्यूकोस्पर्मम होतं, म्हणजे तुमच्या झाडाचं चुलत भावंड. तुमचं तर वर्षही झालेलं नाही.


वाईकर
२७ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मे महिन्यापासून हा धागा वाचतोय.

आमची पाचगणीच्या घाटात थोडी जमीन आहे. उतार, लाल मुरूम, पाणी ठरत नाही. महाबळेश्वरएवढा पाऊसही नाही. बांधावर आजोबांच्या वेळचे सिल्व्हर ओक आहेत. ते याच कुळातले असं वाचलं, खरं का?


माती_बिती
२७ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

खरं. ऑस्ट्रेलियातून चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला आलेले. पानाची खालची बाजू बघा, तीही चंदेरी.

डिसेंबरात रात्री किती गार होतं तुमच्याकडे?


वाईकर
२७ ऑक्टोबर, दुपारी १२:३१

स्वेटरशिवाय बसवत नाही.


दादरकर_परतलेला
२७ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

बीला दिवसा ऊब आणि रात्री गारठा असा फरक लागतो, तेव्हाच ते फुटतं. मुलुंडपेक्षा तुमच्याकडे जास्त आशा. पावसाळ्यात काय होईल ते सांगता येत नाही. खत घालू नका म्हणजे झालं.


गच्चीवरची
२७ ऑक्टोबर, दुपारी १:१०

वाईकर, दोन तुम्हाला, दोन मी ठेवते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेरायच्या आधी रात्रभर धुराच्या पाण्यात भिजवा, मी पालापाचोळा जाळून केलं होतं, कृती व्यनितच सांगते.


वाईकर
२७ ऑक्टोबर, दुपारी १:१४

व्यनि केला आहे.